निधन मागे घेण्यात येत आहे

रेणुकादास सर वारल्याचं पालिकेबाहेर सगळ्यांत आधी कुणाला कळलं असेल, तर ते खुद्द सरांना. सकाळी ओट्यावर मेथी निवडत बसले होते, फोन वाजला आणि नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आली. विषय क्रमांक एक, दुखवट्याचे ठराव. त्यात पहिलंच नाव त्यांचं. सरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं म्हणे, आणि मग मला फोन लावला.

"लताबाई, मी कधी गेलो?"

मी पालिकेत सभा विभागाची अधीक्षक. नोकरीत लई फोन घेतले, पण असा नाही. "अगं बाई! सर, तुम्ही?"

"हाव. मयत बोलून राहिली."

आता हसावं की रडावं! सकाळीच तर रडून झालं होतं. केवळाबाई म्हणजे आमची शिपाई, तिच्या गळ्यात पडून मी म्हणाले होते, देवमाणूस गेला गं. तीही पदरानं डोळे पुसत होती. आणि देवमाणूस घरी मेथी निवडून राहिलेला!

सर गणिताचे. भूकंपानंतर लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, ज्या खांबावर बघावं त्यावर नंबरात आलेल्या पोरांचे फोटो. सर काही लातूरला हलले नाहीत. आमच्या गावातच, घराच्या पुढच्या खोलीत सतरंजी टाकून शिकवत राहिले. कंधारपासून पोरं यायची. अर्ध्या गावाला त्यांनी बीजगणित शिकवलं, उरलेल्या अर्ध्याला निदान पाढे.

घोळ झाला तो असा. आमचे नगरसेवक साहेबराव यांनी विषय पाठवला, "रेणुकादास सर गेले. ठराव घ्यावा." त्यांचं म्हणणं, सरांनी क्लास बंद केला आणि लेकीकडं नांदेडला राहायला गेले, तर पालिकेनं आभाराचा ठराव घ्यावा. तसे गेलेही होते सर. पण चौथ्या मजल्यावर जीव रमेना म्हणून आठवड्यात परत आले. म्हणजे कुठल्याच अर्थानं ते गेलेले नव्हते.

आमच्याकडं विषयपत्रिकेचं सॉफ्टवेअर आहे. नगरसेवकानं फोनवरून विषय पाठवायचा, ते शब्द बघून जिथल्या तिथं लावतं. 'निवड', 'प्रथम', 'पुरस्कार' आलं की अभिनंदनात. 'निधन', 'वारले', 'गेले' आलं की दुखवट्यात. त्यानं सरांना उचललं आणि दुखवट्यात नेऊन ठेवलं. मी वाचलं, मुख्याधिकाऱ्यांनी वाचलं, दोघांनाही खरंच वाटलं. अशा वेळी कोण कुणाच्या घरी फोन करून विचारतं, की सर नक्की गेले ना?

आणि नशीब बघा. त्याच विषयपत्रिकेवर विषय क्रमांक नऊ होता, सदर सॉफ्टवेअरच्या करारास तीन वर्षे मुदतवाढ देणे.

सॉफ्टवेअर बनवलं महानंदानं. भूकंप झाला तेव्हा ती सात वर्षांची. पत्र्याच्या शेडमध्ये वाढलेली पोर. आई भूकंपातच गेली, वडील पुढं काही वर्षांनी. मामानं आणून सरांच्या दारात उभी केली. सरांच्या लेकींच्या ताटात जेवून ती बारावी झाली, मग विष्णुपुरीला इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली. आणि एक दिवस सगळं सोडून परत. बसस्टँडसमोर माडीवर ऑफिस थाटलं, गावातल्या तीन पोरी हाताशी घेतल्या, त्यांना शिकवलं. त्या तिघींच्या घरच्यांनी लग्नं थांबवली ती त्या ऑफिसच्या भरवशावर. काम म्हणाल तर आमच्या पालिकेचं. हा करार गेला तर माडीला कुलूप, महानंदा परत पुण्याला, आणि त्या तीन पोरी परत चुलीपाशी.

मी तिची कोण? कुणी नाही. आधी तर मी तिला पाण्यात पाहत होते. म्हटलं, ही कालची कार्टी मला सभा शिकवणार! पण माझे मिस्टर नांदेडला दवाखान्यात होते, बायपास झालेली, आणि इकडं विशेष सभा लागली. तेव्हा ही पोरगी एस.टी.नं नांदेडला आली, दवाखान्याच्या बाकड्यावर माझ्याशेजारी बसली आणि तिथून अख्खी विषयपत्रिका काढली. मधेच उठून मिस्टरांना मोसंबीचा रस पाजून आली. तेव्हापासून मी तिची झाले. उपकार मी विसरत नाही, तोंड कितीही फटकळ असलं तरी.

तर सरांचा फोन ठेवला आणि तिला बोलावलं. आली ती पांढरीफटक.

"मॅडम, चूक माझी हाय."

"ते मलाही दिसतंय. अगं, 'गेले' म्हणजे काय एकच असतं? माणूस बाजारला जातो, सासरला जातो, पिच्चरला जातो! इंजिनिअर झालीस ना तू? एवढं सुचू नये?"

केवळाबाईनं चहा ठेवला, तो तसाच राहिला.

"आमच्यात न्हाई म्हणत, मॅडम," ती म्हणाली.

"काय नाही म्हणत?"

"आमच्या नव्या वस्तीत. 'मामी शेताकडं गेली' असं कुणी म्हणत न्हाई. 'मामी शेताकडं हाय' म्हणतात. पोरगी शाळेत हाय. मामा बाजारला हाय. भूकंप झाला त्या सकाळी जो तो एकमेकाला एकच विचारून राहिला होता, तुमच्यातलं कोण गेलं? तेव्हापासून 'गेली' म्हणलं की माणूस दचकतं. आम्ही तो शब्द घरात घेतच न्हाई. हे लिहायला बसले तर मला त्याचा दुसरा अर्थ आठवलाच न्हाई."

मी म्हटलं, चहा पी आधी. तिनं पिला, मीही पिले.

सभेच्या दिवशी प्रेक्षकांच्या बाकांवर बसायला जागा नव्हती. मेलेला माणूस बघायला गाव लोटलं होतं. सर धुतलेलं धोतर नेसून पहिल्या बाकावर, शेजारी खाली मान घालून महानंदा.

विषयपत्रिका एकदा सुटली की त्यात कानामात्रा बदलता येत नाही. विषय मागे घ्यायचा तर ज्यानं दिला त्यानंच सभागृहात उभं राहून घ्यायचा. साहेबराव उठले. कपाळावर घाम. त्यांना दुसरे शब्द सुचेनात, म्हणाले, "अध्यक्ष महोदया, श्री. रेणुकादास सर यांचे निधन मी मागे घेत आहे."

"अनुमोदन!" मागून कुणीतरी ओरडलं. हसून हसून सभागृह लोळायचं बाकी. मला मात्र इतिवृत्तात ते जसंच्या तसं लिहावं लागलं.

विषय नऊ आला आणि विरूपाक्ष उठले. विरोधी बाकावरचे हे गृहस्थ, आवाज असा की माइकची गरज नाही. "जे मशीन जित्या माणसाला मारतं, त्याला मुदतवाढ? पुण्याची मोठी कंपनी तयार हाय. खामखा गावकीचा लाड कशाला? रद्द करा!"

चार-पाच जणांनी बाकं वाजवली. सत्ताधाऱ्यांतलेही काही गप्प बसले, म्हणजे वारं फिरलं होतं. महानंदानं तर पिशवी आवरायला घेतली.

सर उभे राहिले. "मला दोन शब्द बोलायचेत."

"प्रेक्षकांना बोलता येत नाही," विरूपाक्ष म्हणाले. ते नियमाला धरून होतं.

आमच्या नगराध्यक्षा जोहराआपा. बाजारात बांगड्यांचं दुकान, सासऱ्यांच्या वडिलांपासूनचं. त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "अहो दादा, स्वतःच्या दुखवट्यात मय्यतीला बोलायचा हक नाही तर कुणाला आहे? बोला सर."

सर म्हणाले, "मी गेलो म्हणून परवा दिवसभर फोन. कंधारचा एक डॉक्टर रडला. म्हणाला, सर, तुमचा मार खाल्ला म्हणून माणसात आलो, हे सांगायचं राहून गेलं हो. धर्माबादहून तिघंजण गाडी करून हार घेऊन आले. दार मीच उघडलं. हार आणलाच होता, तर गळ्यात घातला." लोक पुन्हा हसले. सर हसले नाहीत. "माणूस गेल्यावर जग त्याच्याबद्दल काय बोलतं, ते त्याला कधी ऐकायला मिळत न्हाई. मला मिळालं. चाळीस वर्षं खडू झिजवला, तो वाया गेला की काय, असं नांदेडला बसून वाटून राहिलं होतं. आता वाटत न्हाई. हे या पोरीमुळं. तक्रार करायची तर मी करायची ना? मी तिचे आभार मानतो."

विरूपाक्ष जरा नरमले, पण बसले नाहीत. "सर, तुमचं ठीक हाय. उद्या ते मला मारील!"

"तुम्हाला?" जोहराआपा म्हणाल्या. "तुमच्या वॉर्डाच्या पाण्याचा विषय अजून बाकी आहे, तोवर कुठं जाता!" मग त्यांनी मागं पाहिलं. "महानंदा बेटा, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करशील?"

महानंदा उठली. "यापुढं ते विचारील, मॅडम. 'गेले' आलं, की कुठंही लावायच्या आधी विचारील, कुठे गेले?"

"बस. एवढंच तर पाहिजे," आपा म्हणाल्या. "मंजूर?"

हात वर झाले. विरूपाक्षांचा झाला नाही, पण त्यांनी विरोधही नोंदवला नाही. मी इतिवृत्तात 'सर्वानुमते' लिहिलं. सर तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते आणि ती लहान पोरीसारखी त्यांच्या उपरण्याला डोळे पुसत होती. देवा, तुझे किती आभार मानू, असं झालं मला.

इथं संपायला हवं होतं. पण पुढच्या आठवड्यात कराराचे कागद घेऊन मी तिच्या माडीवर गेले. "मॅडम, तुम्हीच तपासून बघा," ती म्हणाली. मी मुद्दाम टाइप केलं, विरूपाक्ष गेले. पडद्यावर आलं, "कुठे गेले?" आणि खाली तीन चौकटी, परगावी, सेवानिवृत्त, निधन. मला हसू आवरेना. त्या तीन पोरीही खिदळल्या.

मग महानंदानं कीबोर्ड स्वतःकडं ओढला. टाइप केलं, आई गेली.

पडद्यानं विचारलं, "कुठे गेले?"

ती बघतच राहिली. बऱ्याच वेळानं तिनं 'निधन' दाबलं. त्यानं नाव विचारलं. तिनं लिहिलं, गुरम्मा. आणि बघता बघता ठराव तयार होऊन समोर आला. "गुरम्मा यांच्या दुःखद निधनाबद्दल ही सभा शोक व्यक्त करीत आहे."

ती पुसायला गेली. मी तिचा हात धरला. "राहू दे."

"मॅडम, बावीस वर्षं झाली."

"म्हणून काय झालं? घेतला होता का कुणी तिच्या नावानं ठराव?"

तिनं मान आडवी हलवली. हजारो माणसं एका दिवसात गेलेली, नाव घेऊन कोण कुणासाठी उभं राहणार होतं?

ठरावाला सूचक लागतो. मी साहेबरावांना गाठायला निघाले, तर जिन्यात विरूपाक्ष भेटले. हातातला कागद बघून म्हणाले, "कोण ही गुरम्मा?" मी सांगितलं. मग माझ्याच हातातला पेन काढून घेतला आणि म्हणाले, "सूचक मी."

पुढच्या सभेत जोहराआपांनी ते एकच नाव वाचलं. अख्खं सभागृह उभं राहिलं. विरूपाक्ष उभे राहिले, सर उभे राहिले, दाराशी केवळाबाई उभी राहिली. एरवी दुखवट्याला लोक घड्याळ बघतात, फोन चाळतात. त्या दिवशी कुणी हललं नाही. महानंदा बाकाची कड धरून उभी होती.

सभा आटोपल्यावर ती माझ्या टेबलाशी आली. "लताताई," म्हणाली. मॅडम नाही म्हणाली. "लताताई, आई गेली हो." आणि माझ्या खांद्यावर पडून अशी रडली, जशी माणसं त्याच दिवशी रडतात. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

संध्याकाळी घरी आले आणि हातपाय धुवून पिठलं टाकलं, भाकरी थापल्या. मिस्टर म्हणाले, पाहुणे आहेत का? म्हटलं, महानंदाची आई गेली. आज तिच्या घरी चूल पेटायची नाही. ते उठले आणि ठेचा वाटून दिला.

डबा घेऊन तिच्या दारात गेले तर सर आणि सरांच्या बाई आधीच आलेल्या, त्यांचाही डबा. विरूपाक्षांच्या घरून पोळ्या आल्या होत्या. आपांनी खिचडी पाठवली होती. महानंदा त्या डब्यांकडं आणि आमच्याकडं बघत होती.

"एवढं कोण खाणार, ताई?"

"तू," मी म्हणाले. "बस खाली." तिला पाटावर बसवलं, पहिला घास सरांच्या बाईंनी भरवला, आणि ती जेवली.