अठरा सेकंदांचा रस्ता

वाचकहो, शाळेत असताना ती गाडी तुम्हीही पाहिली असेल. दीडशे मीटर लांब, ताशी चौपन्न किलोमीटर वेगाने धावणारी, वाटेतल्या एका खांबाला ओलांडून जाणारी. तिला किती वेळ लागेल, हे आपण सगळ्यांनी घाम गाळून काढलं आहे. दहा सेकंद. उत्तराखाली दोन रेघा मारल्या की सुटलो! पुढे त्या गाडीचं काय झालं, तिच्यात कोण बसलं होतं, हे कोणी विचारलं नाही.

अशा गाड्या एकोणतीस वर्षं फळ्यावरून सोडणाऱ्या गणिताच्या एका बाईंची ही गोष्ट.

बाईंच्या घरात माणसं दोनच. बाई आणि त्यांचे बाबा. बाबांचं वय एक्याऐंशी. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. बारीक कामाला डोळे साथ देईनात तेव्हा दुकान बंद केलं आणि हत्यारांचा डबा घरी आणून कपाटात ठेवला. तरी बाबा घड्याळाकडे न बघता वेळ सांगत आणि ती मिनिटभरही चुकत नसे.

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, मोठ्या रस्त्याच्या कडेला. रस्त्यापलीकडे वाचनालय आणि वाचनालयाच्या बाहेर एक बाक. त्या बाकावर बाबा बारा वर्षं रोज पाच वाजता जाऊन बसत. शेजारी त्यांचे मित्र, शिवणकाम सोडलेले टेलरमास्तर. मास्तरांना कानाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे बोलायचे बाबा आणि माना डोलवायचे मास्तर. दोघांचं छान जमायचं.

आठ महिन्यांपूर्वी एक दिवस बाबा जे घरी बसले, ते बसलेच.

“गुडघा दुखतो,” ते म्हणाले. बाईंनी गुडघ्याला लावायचं मलम आणलं. मग म्हणाले, “त्या बाकावर फार ऊन येतं.” बाईंनी टोपी आणली. मग बाबांनी कारणं सांगायचंच सोडून दिलं. बाईंनी मोठा टीव्ही आणला, तोही त्यांनी लावला नाही. ते खिडकीशी खुर्ची ओढून बसत. पाच वाजता पलीकडे मास्तर येत, बाकावर बसण्याआधी छत्री वर करत. बाबा खिडकीतून हात वर करत. झाली भेट! मास्तरांना दोन मजले चढवत नसत आणि फोनचाही उपयोग नव्हता, त्यांना फोनवरचं काही ऐकूच येत नसे.

बाई साडेसहाला घरी येत, वह्यांचा गठ्ठा टेबलावर टाकत.

“जेवलात का दुपारी?”

“जेवलो.”

“कोणी आलं होतं?”

“कोण येणार?”

एवढं बोलणं झालं की घरात फक्त पंख्याचा आवाज उरायचा. म्हातारपणी माणूस हेकट होतोच, अशी बाईंनी मनाची समजूत घातली होती. वर्गात दिवसभर बोलून घसा बसलेला असायचा. घरी पुन्हा कोणाची मनधरणी करायची? दोन खोल्यांत दोन माणसं, आणि दोघंही एकटी!

एक दिवस नववीच्या वर्गात बाईंनी नेहमीची गाडी सोडली. मुलांनी माना खाली घालून दहा सेकंद काढले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या शंका कधी संपत नसत, म्हणून मुलं तिला प्रश्नपेढी म्हणायची.

“बाई, ही गाडी चाललीय कुठे?”

वर्गात खसखस पिकली. बाईंच्या कपाळावर आठी पडली.

“ते गणितात दिलेलं नाही.”

“आणि खांबाला ओलांडायला किती वेळ लागला, हे कोणाला हवंय?”

“परीक्षेत पेपर काढणाऱ्यांना हवंय! बस खाली.”

मुलगी बसली. बाई पुढच्या गणिताकडे वळल्या, पण खडू काही नीट चालेना.

घरी आल्यावर बोलायला विषय मिळाला म्हणून, शेंगा निवडता निवडता, बाईंनी हा किस्सा बाबांना सांगितला. “काय एकेक पोरं असतात बघा! म्हणे गाडी चाललीय कुठे!”

बाबा हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मुलगी हुशार आहे. मी एक गणित घालू?”

“घाला की.”

“एकवीस मीटर रुंद रस्ता. पायी जाणाऱ्यांसाठी हिरवा दिवा अठरा सेकंद. एक माणूस सेकंदाला सत्तर सेंटिमीटर चालतो. दिवा लाल होतो तेव्हा तो कुठे असेल?”

हात शेंगांतच ठेवून बाईंनी तोंडी हिशेब केला. “अठरा गुणिले सत्तर... बारा मीटर साठ. म्हणजे पलीकडची कड अजून आठ मीटर चाळीस सेंटिमीटर लांब. सोपं आहे.”

“हो. तिथेच उभा होतो मी.”

बाईंचा हात थांबला.

“दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या,” बाबा शांतपणे सांगत होते. “पुढे जाता येईना, मागे येता येईना. काठी हातातून पडली, ती उचलायला वाकायची भीती वाटली. एकाने काच खाली करून ओरडून सांगितलं, आजोबा, घरी बसा की! मग मी घरी बसलो.”

“बाबा! मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? जन्मभर लोकांची घड्याळं चालती केली आणि अठरा सेकंदांत मला रस्ता ओलांडता येत नाही, हे सांगू?”

“मी हात धरून नेलं असतं.”

“हात धरलास म्हणून सेकंद वाढतात का गं?”

बाईंनी शेंगा बाजूला सारल्या.

“जिना मला अजून उतरता येतो. मी सावकाश उतरतो, जिन्याला लाल दिवा नसतो. तू वर्गात गाडी सोडतेस, ती खांबाला ओलांडून जाते. खांबाला काही होत नाही गं. त्याला कुठे जायचं नसतं. माणसाला जायचं असतं. तुझी मुलं इतकी गणितं सोडवतात, त्यातलं एखादं खरं असलं तर काय बिघडलं? ज्याच्या उत्तराची कोणीतरी वाट बघतंय असं!”

एकोणतीस वर्षं वेग, अंतर, वेळ शिकवली, आणि स्वतःच्या घरातलं अंतर त्यांना दिसलं नव्हतं! भाजी त्या दिवशी करपली, आणि दोघांनी ती मुकाट्याने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर गाडी काढली नाही. रस्ता काढला. बाबांचं नाव न घेता गणित घातलं. मुलांनी आठ मीटर चाळीस काढले, सवयीने दोन रेघा मारल्या. मग बाई म्हणाल्या, “हा रस्ता आपल्या शाळेपासून दहा मिनिटांवर आहे. तो माणूसही खरा आहे. त्याला पलीकडे जायचंय. आता पुढे काय करायचं, ते मलाही माहीत नाही.”

बाईंना माहीत नाही! मुलं टक लावून बघत राहिली. मग प्रश्नपेढीचा हात वर गेला, आणि पाठोपाठ आणखी सात-आठ हात.

मुख्याध्यापिकांनी चष्म्यावरून पाहिलं. “पोर्शन कोण पूर्ण करणार?”

“हाच पोर्शन आहे, मॅडम. वेग, अंतर, वेळ, सरासरी. फक्त पुस्तकाऐवजी रस्त्यावरचा.”

“चार दिवस देते. एकाही मुलाला खरचटलं तर मला सांगायला येऊ नका.”

रस्ता एकवीस मीटरच आहे का, हे सुट्टीच्या सकाळी टेप लावून पाहिलं. चौकातल्या पोलिसाने वाहनं थांबवली खरी, पण त्याला चैन पडेना. “अहो, कशाला मोजताय? रस्ता काय पळून चाललाय?” बाबांनी मात्र कपाटातला डबा काढला. जुनी बंद पडलेली दोन स्टॉपवॉच भिंगाखाली धरून तीन दिवस खपून चालू केली. बाई शाळेतून आल्या की ते स्वतःहून विचारत, “आज किती माणसं मोजली?” त्या घरात खूप दिवसांनी कोणीतरी कोणाची वाट बघत होतं.

मुलांनी पदपथावर उभं राहून चार दिवस माणसं मोजली. एकंदर दोनशे बारा. सगळ्यांच्या वेगाची सरासरी सेकंदाला एक मीटर वीस सेंटिमीटर. त्या वेगाने रस्ता साडेसतरा सेकंदांत ओलांडून होतो.

“म्हणजे अठरा बरोबरच आहे!” पहिल्या बाकावरचा एक जण निराश होऊन म्हणाला.

“बरोबर आहे सरासरी माणसासाठी,” प्रश्नपेढी म्हणाली. “फक्त म्हाताऱ्यांची सरासरी काढली तर सव्वीस सेकंद येतात. पण सव्वीस ठेवले तर त्यांच्यातले निम्मे रस्त्यातच राहतील ना! सरासरी माणूस मला चार दिवसांत एकदाही दिसला नाही, बाई. एक आजी दिसल्या. त्यांना चव्वेचाळीस सेकंद लागले. पोलीसकाकांनी गाड्या अडवून धरल्या, म्हणून पोचल्या.”

उत्तर किती लिहायचं? अठरा, सव्वीस की चव्वेचाळीस? कोणाला सोडून द्यायचं? असं गणित त्यांनी कधी सोडवलं नव्हतं, आणि बाईंनीही नाही.

मुलांनी चव्वेचाळीस सेकंद मागणारा अर्ज लिहिला. वाहतूक कार्यालयात साहेबांनी तो चाळला आणि म्हणाले, “बाई, अठरा सेकंदांबद्दल आजवर एकही तक्रार नाही.”

“येईल कशी?” बाईंच्या मागून प्रश्नपेढी बोलली. “तक्रारीची खिडकी रस्त्याच्या पलीकडे आहे. ज्यांना रस्ता ओलांडता येत नाही, ते इथवर येणार कसे?”

साहेबांनी मान वर केली. अर्ज पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. “बघतो,” ते म्हणाले, आणि या वेळी त्या शब्दात थोडा जीव होता.

तरी बघायला त्यांना चार महिने लागले. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. इकडे रोज पाच वाजता छत्री वर होई, हात वर होई. एक दिवस मास्तरांनी छत्री दोनदा वर केली. बाबांना वाटलं, गडी आज खुशीत दिसतोय. त्यांनीही हात दोनदा हलवला. दुसऱ्या दिवशी बाक रिकामा होता. त्यानंतरचे दिवसही.

“सर्दी-ताप असेल,” बाबा म्हणत. “येईल.”

त्यानंतर दहा दिवसांनी शाळेत पत्र आलं. चव्वेचाळीस नाही, पण बत्तीस सेकंद मंजूर! पुढच्या चौकाच्या दिव्यांशी मेळ बसत नसल्याने याहून अधिक शक्य नाही, असं साहेबांनी लिहिलं होतं. वर्गाने बाकं वाजवली. बाई त्या दिवशी साडेचारलाच घरी आल्या, प्रश्नपेढीला बरोबर घेऊन.

बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला, जिना सावकाश उतरले. काठावर बाईंनी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. दिवा हिरवा झाला. बाबा चालू लागले. बाई मागून, श्वास रोखून. प्रश्नपेढी स्टॉपवॉच धरून मोठ्याने सेकंद मोजत होती. अठरा! इथेच काठी पडली होती. पंचवीस... अठ्ठावीस... तीस! बाबांचा पाय पलीकडच्या पदपथावर पडला. दिवा अजून दोन सेकंद हिरवाच होता!

पदपथावर पोचताच बाई चारचौघांत रडू लागल्या. बाबांचं लक्ष मात्र बाकाकडे होतं.

वाचनालयाचा शिपाई बाहेर आला. “या काका! किती दिवसांनी! मास्तर गेले ना त्यांच्या मुलाकडे, दूर. कायमचेच. निघायच्या आदल्या दिवशी इथे बसून होते. म्हणाले, वरच्या खिडकीतल्या माणसाचा निरोप घेतो. छत्री हलवली आणि गेले.”

बाबा बाकावर बसले. आपल्या नेहमीच्या बाजूला, दुसरी बाजू मोकळी ठेवून. समोर दुसऱ्या मजल्यावरची खिडकी दिसत होती, आणि तिच्यातली रिकामी खुर्ची.

“उत्तर बरोबर आलं गं,” बाबा शेवटी म्हणाले. “पण गणित आपण उशिरा घातलं. मी आठ महिने लाजलो, आणि तू...”

“मी बघितलंच नाही, बाबा.”

त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. कितीतरी वर्षांनी.

तेवढ्यात प्रश्नपेढी उठून उभी राहिली. रस्त्यापलीकडे काठावर एक आजी उभ्या होत्या. दिवा हिरवा झाला. त्यांनी पाय उचलला, रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा मागे घेतला. दिवा लाल झाला. पुन्हा हिरवा, पुन्हा तेच.

“बाई, त्याच. चव्वेचाळीस सेकंदवाल्या.”

बाईंनी डोळे पुसले.

“यांना उशीर नको व्हायला,” बाबा म्हणाले. “वही काढा दोघी.”

वाचकहो, त्या वर्गात आजही आधी पुस्तक उघडत नाही. घराच्या खिडकीतून दिसलेलं एक गणित प्रत्येक मुलाने लिहून आणायचं, अशी बाईंची शिस्त आहे. खिडकी तुमच्याही घराला आहे. मुलांना जरूर गणित शिकवा, पण ते कोणासाठी सोडवायचं तेही दाखवा, आणि तो माणूस बाकावरून उठून जायच्या आत दाखवा.