निळ्या खडूच्या रेघा

"हा त्रिकोण बघा, उलटा बसलाय." शिकवणाऱ्या बाईंनी पसरलेल्या गोधडीच्या मधोमध बोट ठेवलं. "याचं टोक वर हवं होतं, ते खाली गेलंय. अख्ख्या गोधडीत चूक ही एवढीच. बिचारीच्या लक्षात आलं नसणार."

औषधवाली चष्मा कपाळावर चढवून वाकली. "आलं असेल हो! उसवायचा कंटाळा केला असेल. माझीच कुणीतरी बहीण दिसतेय."

सगळ्या खळखळून हसल्या. खिडकीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. जुन्या सामानाच्या बाजारात, एका ताडपत्रीच्या सावलीत, फुटक्या दिव्यांच्या आणि पितळी कड्यांच्या ढिगाशेजारी त्या उभ्या होत्या आणि स्वतःच्या हातची गोधडी परक्याच्या फळीवर पाहत होत्या.

बसच्या आगारातल्या तिकीट खिडकीमागे त्यांची सगळी नोकरी झाली, म्हणून त्या खिडकीबाई. हे नाव औषधवालीनं ठेवलं आणि वर्गानं ते उचललं. औषधवालीचं स्वतःचं औषधांचं दुकान होतं. ते मुलाच्या हवाली करून ती वर्गात यायची आणि शिवण्यापेक्षा बोलायची जास्त. वाचनालयाच्या माडीवर आठवड्यातून एकदा हा गोधड्यांचा वर्ग भरायचा. मोठं लाकडी टेबल, त्यावर कात्र्या, सुया, बोटात घालायची अंगुस्तानं, आणि साठीच्या आगेमागे असलेल्या सात-आठ बायका. वर्षातून दोनदा शिकवणाऱ्या बाई सगळ्यांना घेऊन कुठंतरी जायच्या. कधी कापडाच्या गिरणीत, कधी प्रदर्शनाला, आज या बाजारात. "जुन्या कापडासारखा गुरू नाही," असं त्यांचं म्हणणं.

ही गोधडी मात्र वर्गाच्या आधीची. निवृत्तीनंतर घर खायला उठलं, तेव्हा खिडकीबाईंनी वाचनालयातून एक चित्रांचं पुस्तक आणलं आणि त्यातलं बघून बघून ती एकटीनं शिवली. धावदोरा सरळ यायचा नाही. बोटांची चाळण झाली. तीनदा सगळं उसवून पुन्हा बसवलं. लेकीचे लहानपणचे फ्रॉक, खिडकीवरचा स्वतःचा राखाडी कोट, स्वयंपाकघरातला पिवळा पडदा, असं सगळं तिच्यात होतं. पुरी झाल्यावर अंथरली, तर निळ्या ठिपक्यांचा एक त्रिकोण उलटा! त्या रडकुंडीला आल्या होत्या.

लेक म्हणाली होती, "राहू दे गं आई. यावरूनच ओळखू येईल तुझी आहे म्हणून."

आली होती ओळखू.

"आणि गंमत बघा," शिकवणाऱ्या बाई बोलत होत्या. त्यांना शिकवल्याशिवाय राहवायचं नाही. बाजार असो की बस, त्यांचा वर्ग चालूच. "या निळसर रेघा दिसतात? टाके सरळ यावेत म्हणून आपण खडूनं आखून घेतो, त्या या. खडू कधी जातो?"

"पहिल्या धुण्यात," दोघीतिघी शाळेतल्या पोरींसारख्या एका सुरात म्हणाल्या.

"शाबास. म्हणजे ही गोधडी एकदाही धुतलेली नाही. आणि न धुता कुणी वर्षानुवर्षं पांघरत नाही. म्हणजे...?"

"म्हणजे कुणी अंगावर घेतलेलीच नाही," औषधवाली म्हणाली. "अरेरे! कुणाला तरी मायेनं दिली असेल हो. आणि त्या मेल्यांनी कपाटात कोंबली आणि शेवटी इथं आणून टाकली."

दुकानदारानं मान हलवली. "घर बदलताना काढतात लोक. गठ्ठेच्या गठ्ठे येतात आमच्याकडं. हिची तर घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मीच उघडली."

खिडकीबाईंच्या लेकीनं दोन महिन्यांपूर्वी घर बदललं होतं.

औषधवालीनं त्यांच्या दंडाला हलकेच कोपर लावलं. "सगळ्यांच्या लेकी तुमच्या लेकीसारख्या नसतात, खिडकीबाई."

यातच तर सगळी मेख होती. गेली तीन वर्षं टेबलाभोवती कुणाची सून, कुणाचा मुलगा असा विषय निघाला, की खिडकीबाई सुईत दोरा ओवता ओवता सांगायच्या, "आमची बाई माझ्या गोधडीशिवाय झोपत नाही. प्रवासाला गेली तरी बरोबर नेते." यातलं पहिलं वाक्य लेकीचं होतं. प्रवासाचं त्यांनी पदरचं घातलं होतं. ऐकून औषधवाली म्हणायची, "नशीब काढलंत." त्या एका वाक्यावर खिडकीबाईंचा आठवडा निघायचा. आजसुद्धा त्या आल्या होत्या ते लेकीच्या नव्या घरासाठी शिवायला घेतलेल्या दुसऱ्या गोधडीला काठाचं कापड शोधायला.

"वर्गासाठी घेऊ या का ही?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं. "नव्या बायकांना दाखवायला बरी. चूक कशी होते, खडू कसा राहतो. नंतर कापून तुकडे वापरता येतील."

"मी घेते," खिडकीबाई म्हणाल्या. आवाज जरा मोठाच निघाला. सगळ्यांनी वळून पाहिलं. "म्हणजे... कापड चांगलं आहे. काठाला होईल मला."

"या कापडाचा काठ? तुमच्या त्या गुलाबी गोधडीला?"

"होईल."

दुकानदारानं जी किंमत सांगितली ती त्यांनी काढून दिली. औषधवालीनं तोंडावर हात ठेवला. "घासाघीस नाही? अहो, सुट्ट्या पैशांवरून अख्ख्या बसला तिष्ठत ठेवणाऱ्या बाई तुम्ही! बरं वाटतंय ना?"

"ऊन लागलं," खिडकीबाई म्हणाल्या. झाकली मूठ झाकलेलीच राहिली. दुकानदारानं गोधडीची पहिल्यासारखीच चौकोनी घडी घातली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सुतळीनं बांधून दिली.

परतीच्या बसमध्ये पुडकं मांडीवर होतं. औषधवाली शेजारी बसून, बाजारात मिळालेली जुनी बटणं खिडकीच्या उजेडात धरून बघत होती. तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा. खिडकीबाईंचे हात पुडक्याखाली अडकलेले. औषधवालीनंच तत्परतेनं फोन घेतला, आवाज मोठा केला आणि त्यांच्यासमोर धरला.

"आई, कुठं आहेस? किती गोंगाट!"

"बसमध्ये. बाजाराला गेलो होतो सगळ्या."

"आम्ही तुझ्या आईच्या मैत्रिणी!" औषधवाली फोनवर वाकून म्हणाली. "तुझं फार ऐकतो हो आम्ही. गोधडी काय म्हणते?"

पलीकडून आधी नुसतं "गोधडी?" आलं. मग लेक हसली. "मजेत आहे! रोज रात्री अंगावर असते. धुवून धुवून अशी मऊ झालीय, विचारू नका."

औषधवालीनं खिडकीबाईंकडे पाहून भुवया उडवल्या. बघा, असं. मागच्या बाकावरून कुणीतरी "वा!" म्हणालं.

खिडकीबाईंनी पुडक्यावरची सुतळी बोटाला गुंडाळली. घट्ट. बोटाचं टोक पांढरं पडलं.

"खडू गेला का गं सगळा?" त्यांनी विचारलं.

"कसला खडू?"

"रेघा होत्या ना. निळ्या. देताना सांगितलं होतं मी तुला, पहिल्या धुण्यात जातील म्हणून."

"हां, त्या! गेल्या की. कधीच गेल्या." लेकीचा आवाज नेहमीसारखाच गोड होता. लहानपणी दूध मोरीत ओतून "प्यायले" म्हणायची, तेव्हाही तो असाच असायचा. "आणि ऐक ना आई, दुसरी करतेयस म्हणालीस, ती नको करूस. डोळ्यांना किती त्रास! पहिलीच मला जन्मभर पुरेल."

"बरं."

"रागावली नाहीस ना?"

"छे गं. कशाला रागावू?"

फोन बंद झाला. औषधवालीनं तो त्यांच्या पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "काळजी करते हो पोर. माझा मुलगा बघा. मी दिलेली गोधडी गाडी पुसायला घेतो. तोंडावर सांगतो वर."

"तोंडावर सांगतो," खिडकीबाई म्हणाल्या.

"हो ना! लाज नाही मेल्याला."

"बरं आहे तुमचं."

औषधवालीला वाटलं, टोमणा आहे. ती बटणांच्या पुडीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीबाईंनी पुडकं सोडलं. टेबलावर गुलाबी गोधडीचे जोडलेले तुकडे होते, त्यात सुई तशीच खोचलेली. ते सगळं त्यांनी बाजूच्या खुर्चीवर ठेवलं आणि जुनी टेबलभर पसरली. घड्यांच्या जागी कापड विटलं होतं. बाकी रंग दिल्या दिवसासारखे. आत डांबराच्या गोळ्यांचा वास. उसवायची छोटी कात्री घेऊन त्या उलट्या त्रिकोणाशी बसल्या. आता हात तयार झाला होता. चहा होईस्तोवर त्रिकोण सुटला असता आणि सरळही बसला असता. कात्रीचं टोक त्यांनी पहिल्या टाक्याखाली घातलं. टाका जाडाभरडा होता, लांबरुंद, शिकाऊ हाताचा. पण ओढून पाहिला तर हलला नाही.

त्यांनी कात्री काढून घेतली.

मग मोठी बादली भरली. कोमट पाणी, चिमूटभर साबण. गोधडी हळूहळू बुडवली, तशी ती आधी फुगून वर आली, नको म्हणाल्यासारखी. दोन्ही हातांनी दाबून धरली तेव्हा पाणी प्यायला लागली. निळ्या रेघा पाण्यात धुरासारख्या सुटल्या. राखाडी कोट, पिवळा पडदा, ठिपक्यांचा फ्रॉक, सगळ्यांवरून. बादली आभाळाच्या रंगाची झाली. ते पाणी ओतलं, दुसरं घेतलं. तेही जरासं निळं.

ओली गोधडी म्हणजे निजलेलं मूल, उचलेना. कशीबशी सज्ज्यातल्या दोरीवर टाकली. दोरी मधोमध वाकली.

"अहो वरच्या बाई!" खालच्या मजल्यावरून शेजारीण ओरडली. "तुमचं पाणी गळतंय माझ्या कपड्यांवर! आणि निळं कसं हो? रंग जातोय की काय?"

"रंग नाही, खडू आहे," खिडकीबाई कठड्यावरून वाकल्या. "पहिलंच धुणं आहे."

"हो का? नवी केलीत?"

"हो."

"छान आहे! लेकीला का?"

खिडकीबाईंनी गोधडीचं खालचं टोक हातात घेतलं आणि पिळलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "घरातच राहणार आहे."

शेजारणीनं आपले कपडे एकेक करून आत घेतले. खिडकीबाई ते टोक धरून तशाच उभ्या राहिल्या; मुठीतून निघालेलं पाणी कोपरापर्यंत ओघळत राहिलं. आता ते अगदी स्वच्छ होतं.