मागच्या पाट्याला धरून

मी बोलतोय, पण मला बघायचं असेल तर तुम्हाला जमिनीवर आडवं व्हावं लागेल. या जुन्या जीपच्या मागच्या डाव्या चाकापाशी, चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, चिकटलेला चिखलाने माखलेला लोखंडाचा तुकडा दिसतोय ना, तो मी. लोखंडी पट्ट्या एकावर एक बांधून केलेल्या कमानीला आमच्याकडे पाटा म्हणतात. त्या पाट्याचं एक टोक मी धरून असतो. चाक खड्ड्यात गेलं की पाटा लवतो आणि उरलेला दणका मी पोटात घेतो. गॅरेजवाले मला ब्रॅकेट म्हणतात. गाडीच्या मालकांना माझं नावही ठाऊक नव्हतं.

दसऱ्याला हार बॉनेटला, कुंकू काचेला, लिंबू चाकांखाली. माझ्यापर्यंत हळदीचा ठिपकासुद्धा कधी पोचला नाही. माणसांचं असंच असतं. एखादी गोष्ट तुटत नाही तोवर ती त्यांच्या लेखी नसतेच.

कारखान्यात तापलेल्या रिबिटा मारून मला चासीवर बसवलं, तेव्हा मी ताठ होतो, निळसर होतो. पहिले मालक दारव्ह्याकडचे भगवानराव. त्यांचा खताचा धंदा. गाडीत ते युरियाची पोती अशी कोंबत, की मागचा भाग जमिनीला टेकायला यायचा. लोक हसायला लागले. मग भगवानरावांनी पाट्यात एक जादा पट्टी घालून घेतली आणि मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आता टाका, किती टाकता ते!" गाडी वाकेना झाली. पाटा लवेना, तेव्हा त्याच्या वाट्याचा दणकाही माझ्याकडे यायला लागला. वर फाटक्या पोत्यांतून युरिया सांडायचा. पावसाळी हवेत त्याला पाणी सुटायचं आणि ते थेंबाथेंबाने माझ्यावर गळायचं. बैलालाही इतकं कुणी राबवत नाही हो. आतून मी कधी कुजलो ते मलाही कळलं नाही. विकताना भगवानरावांनी माझ्या गंजावर काळा रंग फासला आणि मी पुन्हा तरुण दिसायला लागलो.

त्या रंगाला भुलून राजकुमारने गाडी घेतली. बोरी अरब गावाच्या पलीकडे त्याचा बंजारा तांडा. घरात वडील धावजी, बायको रंजिता आणि आई रामीबाई, तिला तो याडी म्हणतो. त्यांच्या बोलीत आईला याडीच म्हणतात. भाजीपाला, बाजारची माणसं, कधी नवरदेव. ओझं हलकं होतं. वाटलं, म्हातारपण बरं जाईल.

मग रामीबाईची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा यवतमाळला नेऊन तिचं रक्त मशीनवर धुवावं लागतं, नाहीतर अंगात पाणी भरतं आणि श्वास अडतो. एसटीची पायरी तिला चढवत नाही. तेव्हा ही जीप, आणि जीपखाली मी.

पण जादा पट्टीची गाडी रिकामी चालली की बेडकासारखी उडते. बाकड्यावर पडलेली रामीबाई दर खड्ड्याला कण्हायची. राजकुमारचा जीव कासावीस व्हायचा. एक दिवस धावजी म्हणाले, "भरली गाडी हालत नाही लेका. मांगं रेतीचे पोते टाक." त्याने टाकली. गाडी खरंच मऊ चालायला लागली. रामीबाईला डोळा लागला. रंजिता खूश, धावजी खूश. आईच्या कमरेचं दुखणं पोरानं मायेनं उचललं आणि माझ्या कुजक्या हाडांवर ठेवलं. मी ओरडून सांगत होतो. खालून येणारा तो करकर आवाज म्हणजे मीच होतो. राजकुमारने तिथे ऑइल सोडलं.

गेल्या खेपेला, यवतमाळच्या अर्ध्या वाटेवर मी फाटलो. गाडी डावीकडे कलली आणि टायर पत्र्याला घासून धूर निघाला. राजकुमारने पाटा दोराने बांधला आणि रडत रडत गाडी परत फिरवली. रामीबाईचं त्या खेपेचं रक्त धुणं राहून गेलं.

आज सकाळी तिचे पाय मडक्यासारखे सुजलेत. आडवं पडलं की तिचा जीव घुसमटतो, म्हणून रंजिता तिला पाठीला पाठ लावून बसवून ठेवते. दवाखान्यातून निरोप आलाय, आत्ताच्या आत्ता आणा. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला गेलेली. तांड्यातली दुसरी गाडी वऱ्हाड घेऊन गेलेली. म्हणून जीप तशीच फरफटत फकिराच्या वेल्डिंगच्या दुकानात आली.

फकिरा खाली शिरला. हातोडीने त्याने मला हळूच ठोकलं, तर माझे पापुद्रे त्याच्या तोंडावर पडले.

"राजकुमार, याले वेल्डिंग कायले धरीन? धराले लोखंड तं पाहिजे! हे कापून नवा टाका लागते. नवा यवतमाळाहून आणा लागीन. अन् हे रेती कोनं भरली बे?"

"म्या भरली. याडीले दणके बसत होते."

"तिचे दणके तू याले देले. पट्टी जास्तीची, वरतून रेती. मंग हे तुटन नाही तं काय करन?"

राजकुमार गाडीखाली वाकला. "एक खेप चालव फकिराभाऊ. फक्त जाऊ दे. तिले श्वास घेता नाही येऊन राह्यला."

"अन् रस्त्यात सुटला तं? चाक सरकन, गाडी पलटी होईन. चौघंही जासान!"

तेवढ्यात गाडीतून रामीबाईचा दम लागलेला आवाज आला, "रेती काढ पोरा. मी बसतो दणके खात. लाव कसंबी."

पोती उतरली. फकिराने चिरेवर एक जाड पट्टी ठेवून मला डाग दिले. ठिणग्या उडाल्या. जिथे लोखंड होतं तिथे डाग धरला, जिथे नव्हतं तिथे भोक पडलं. शेवटी त्याने चाकाचा दांडा चासीला साखळीने आवळून बांधला, म्हणजे मी सुटलो तरी चाक एकदम सरकू नये. "धीरे जा," एवढंच म्हणाला. पुढे धावजी जाऊन बसले. मागे रंजिता सासूच्या पाठीला पाठ लावून बसली.

आता आम्ही यवतमाळच्या रस्त्यावर आहोत. दर खड्ड्याला दणका चाकातून पाट्यात, पाट्यातून माझ्यात आणि माझ्यातून सरळ रामीबाईच्या मणक्यात जातो. ती कण्हते, मी करकरतो. एक डाग मघाच्या पुलाजवळ सुटला. दुसरा सुटतोय, मला कळतंय. राजकुमारला कळलेलं नाही. तो आरशात आईकडे बघतोय.

मला जगवा असं मी म्हणत नाही. परतल्यावर कापा, भंगारात टाका, माझं काहीही करा. फक्त दवाखान्याच्या फाटकापर्यंत मला धरू द्या.

आणि तुम्ही या रस्त्याने मागून येत असाल, तर एका बाजूला कललेल्या या जीपमागे हॉर्न वाजवू नका. तुमच्या हॉर्नला घाबरून राजकुमार ॲक्सिलरेटर दाबेल.