कोरफडीला काय लागतं?

मी एक कोरफड. उकंडराव मास्तरांच्या दारावर मुळं वर, पानं खाली अशी टांगलेली. जे सांगणार आहे ते सगळं मी उलटं लटकून पाहिलं आहे, त्यामुळे एखादी गोष्ट मला चुकीची कळली असेल. पण दुसरं कोणी सांगायला इथे उरलेलं नाही.

आमचं गाव सेनगावच्या उत्तरेला, पैनगंगेपासून कोसभर अलीकडे. नदीच्या पलीकडे वऱ्हाड, अलीकडे निजामाचं राज्य. माझा जन्म गावाबाहेरच्या मुरमाड माळावरचा. तिथे मला कोणी लावलं नाही, कोणी पाणी घातलं नाही. पाऊस आला की प्यायचं आणि मग वर्षभर पुरवून वापरायचं, एवढंच मला येत होतं.

छत्तीस सालच्या उन्हाळ्यात मास्तरांच्या लेकीने, शालूने, मला उपटून आणलं. सोळा वर्षांची पोर. नवरा तापाने गेला आणि ती कपाळ पुसून माहेरी आली. दारावर कोरफड टांगली की घराला दृष्ट लागत नाही, असं इकडे मानतात. तिने सुतळीने मला चौकटीला बांधलं आणि म्हणाली, "राहा आता हितंच. मीबी हितंच हाये."

त्याच आठवड्यात अंगणात फणसाचा कोंब आला. मास्तर हैदराबादेत शिकत होते, तेव्हा एका कोकणी मित्राने त्यांना फणसाचे गरे खाऊ घातले होते. ती चव काही त्यांच्या जिभेवरून गेली नाही. मित्राने धाडलेल्या आठळ्यांपैकी एकच रुजली. ते रोप बघायला अर्धा गाव लोटला. लमाणांच्या तांड्यावरची नानीबाईही आली. फळ केवढं होतं, हे मास्तरांनी दोन्ही हात पसरून दाखवलं.

"एवढं?" नानीबाई म्हणाली. "मास्तर, मग त्याला दावंच बांधा. न्हाईतर पळून जाईल रानात!"

सगळे हसले. मास्तरही हसले, पण लगेच गंभीर झाले. तो माणूसच तसा. फार शिकलेला, आणि जितका शिकलेला तितकाच भित्रा. आपलं काही चुकतंय, ही शंका त्यांना जेवतानाही सोडत नसे. आपल्या कोरड्या मुलखात काय जगेल आणि काय नाही, हे एकदा नक्की ठरवायचं म्हणून त्यांनी एक वही सुरू केली. दर पाडव्याला ते तीत दोन नोंदी करत आणि मोठ्याने वाचून दाखवत. "फणस. रोज दोन घागरी पाणी. तरी शेंडा वाळतो. कोरफड. पाणी मुळीच नाही. टवटवीत." फणसाच्या नोंदीपुढे दरवर्षी प्रश्नचिन्ह असायचं. माझ्यापुढे कधीच नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगायला लाज वाटते. ती नोंद खोटी होती.

फणसाच्या दोन घागरी शालूच आडातून शेंदत असे. दोराने तिच्या तळहातांना घट्टे पडले होते. सकाळी मास्तर पूजेला बसले की ती घागरीतलं ओंजळभर पाणी माझ्या मुळांवर टाकी. बोलत काही नसे. मी पीत असे आणि गप्प राहत असे. पाहुणे आले की मास्तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "बघा, हिला काहीच लागत नाही!" आणि मी पानं आणखी ताठ करी. मला ते आवडायचं.

हळूहळू ते बोलणं माझ्यावरून शालूवर गेलं. दिवाळीला मास्तरांच्या सुनेला लुगडं यायचं. "शालूला काय लागतं? आपली कोरफड हाये ती," असं मास्तर मायेने म्हणायचे. पहिली एक-दोन वर्षं शालू त्यावर हसली. नंतर ती आत निघून जायची.

अठ्ठेचाळीसच्या वैशाखात फणसाच्या बुंध्याला पहिल्यांदा तीन फळं धरली. आणि त्याच वैशाखात गावं रिकामी होऊ लागली. रझाकारांच्या धाकाने लोक नदी ओलांडून वऱ्हाडात निघाले होते. मास्तरांच्या मुलाने, सोनाजीने, बैलगाडी जुंपली. नदीला उतार कुठे आहे हे तांड्याच्या लोकांना पक्कं ठाऊक, म्हणून वाट दाखवायला नानीबाई सकाळीच येऊन उभी राहिली. गाडीत धान्य चढलं, सून चढली, तिची दोन लेकरं चढली, मास्तरांची पुस्तकांची पेटी चढली. जागा संपली.

"शालू, तू राहा," मास्तर म्हणाले. "आठ दिवसांत सोनाजीला परत धाडतो. आत्ता पाणी तुटलं तर फळं गळतील, पोरी. बारा वर्षांनी धरलीत."

सोनाजी खाली उतरला. "आबा, अक्का एकटी? गावात हाये कोण आता?"

"तिचं निभतं. तिला काय लागतं? ही कोरफड बघ. बारा वर्षं थेंब न्हाई..."

"झाडापायी लेक ठेवून चालले व्हय, मास्तर?" नानीबाई मध्येच म्हणाली. "उद्या तो फणस तुमाला आबा म्हणून हाक मारंल का?"

मास्तरांनी पेटीकडे बोट दाखवलं. "मी मनाचं बोलत न्हाई, नानीबाई. लिहिलेलं आहे. बारा वर्षांचं."

शालू दारात, माझ्या अगदी खाली उभी होती.

"आबा, मी पाणी देत होते."

"फणसाला. माहीत आहे."

"हिला. रोज. ओंजळभर."

मास्तर तिच्याकडे वळले. "रोज?"

"तुमी पूजेला बसले की."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुमी बंद केलं असतं. वहीत बराबर उतरायला पायजे होतं ना!" मग आवाज फुटला तिचा. "मला न्हाई राहायचं, आबा. मला भ्या वाटून राहिलं."

त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं, ते सांगते. आता मला पाणी कोण देणार, हे आलं. शालूचा विचार दुसरा आला. एवढी वर्षं तिची ओंजळ पिऊन माझी ही तऱ्हा.

मास्तर दाराशी आले. त्यांनी हात वर करून माझी मुळं चाचपली. सकाळचीच ओल होती. ओलं झालेलं बोट त्यांनी बराच वेळ अंगठ्यावर चोळलं.

"सोनाजी," ते म्हणाले, "पेटी उतरव."

पेटी उतरली, शालू चढली. मास्तर गाडीत बसले नाहीत. ते मागून चालत गेले, लेकीकडे मान वर करून न बघता. वळणापर्यंत मला दिसले.

फणसाची तिन्ही फळं आठवड्यात गळली. पानं करपली. मला वाटलं, गेलाच. पण आषाढात पाऊस लागला, आणि तो उघड्यावर असल्यामुळे मुळांपर्यंत भिजला. आता त्याला नवे कोंब आलेत. मी छपराखाली. पागोळ्या माझ्यापासून दोन हातांवर पडतात. मला त्यांचा आवाज ऐकू येतो. माझी पानं चपटी झाली आहेत, टोकं लाल पडली आहेत.

हा भादवा आहे. परवा नानीबाई घराचं कुलूप बघायला आली होती. एकटी असली की ती भिंतींशीही बोलते. मास्तरांचं सगळं वऱ्हाडात, वाशीमला ठीक आहे म्हणाली. शालूने बापाला तोंडावर सांगितलं, मला नवं लुगडं पायजे, हिरव्या काठाचं, आणि मास्तर स्वतः जाऊन घेऊन आले. सांगताना नानीबाईला हसू आवरेना. मलाही बरं वाटलं, खरंच.

मग तिने अंगणातल्या डबक्यात पाय धुतले, लोटाभर पाणी उगाच फणसाच्या बुंध्याशी ओतलं आणि जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बरी हायेस बाई. तुला काय लागतं!"

नानीबाईसुद्धा.

तिचा दोष नाही. बारा वर्षं मीच तसं दाखवलं. शालूला तोंड होतं, तिने वेळेवर उघडलं. मला ते जमलं नाही. तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी असेल, तर त्याच्या हिरवेपणावर जाऊ नका, जवळ जाऊन विचारा. मी तर एवढंच सांगते, आणि पहिल्यांदाच सांगते. मला तहान लागली आहे.