पहिल्याच बोल्टला

"द्या रेस," गाडीच्या पोटातून अमोल ओरडला.

मृण्मयीनं पाय दाबला. गाडी जागच्या जागी गुरगुरली. मागचं सीट काढून दुकानाच्या भिंतीला टेकवलं होतं, आणि त्या रिकाम्या जागेत अमोल आडवा पडून मागच्या दारातल्या स्पीकरला कान लावून होता. त्याची पावलं डिकीतून बाहेर लोंबत होती.

"आला आवाज?"

"आला ना. पाय दाबला की वर चढतो, सोडला की उतरतो."

"अजून द्या."

"अमोलदादा, आता तर किंचाळतोय."

अमोलनं कान बदलला. उजवा झाला, डावा झाला. रस्त्यावरून पौडकडे डंपर गेला, शेजारच्या गॅरेजात कुणीतरी पत्रा ठोकत होतं, इंजिन वाजत होतं. स्पीकर मात्र मुका होता. गाणं बंद केलेलं, तेव्हा तो मुका असायलाच हवा होता. हीच तर अडचण होती. अमोलच्या मते सगळं जसं हवं तसं होतं, आणि या बाई तक्रार घेऊन तिसऱ्यांदा आल्या होत्या.

मृण्मयी मूळची परभणीची. राहायला सूसला, नोकरी हिंजवडीत. घरात नवरा आणि सासू-सासरे, ऑफिसात बॉस. एकटी म्हणून ती असायची ती फक्त या गाडीत, हिंजवडीच्या कोंडीत अडकलेली असताना. म्हणून तिनं हौसेनं डिकीत सबवूफर बसवून घेतला होता. पहिल्या दिवशी ती एकटीच आली, तेव्हा अमोलनं विचारलं होतं, "साहेब येणार हायेत का पसंत कराया?" त्यावर ती म्हणाली होती, "साहेबांना भावगीतं आवडतात. बास मला लागतो." तेव्हापासून अमोलच्या मनात तिच्याबद्दल आदर होता. आज तो आदर जरा ताणला गेला होता.

कारण आवाज शोधावा तर अमोलनंच, असं पिरंगुटपासून लवळ्यापर्यंत लोक म्हणत. गाडीला जास्तीची सिस्टिम बसवली की इंजिनाची शिट्टी स्पीकरमध्ये शिरते, हे या धंद्याचं जुनं दुखणं. बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा असतो: अँपची, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या डब्याची, काळी वायर गाडीच्या पत्र्याला नीट टेकलेली नसते. बाकीचे फिटर त्यासाठी रंग खरवडून पत्रा उघडा करतात आणि तिथं वायर आवळतात. पण मुळशीच्या पावसात उघडा पत्रा म्हणजे गंजाला आवतण. दिवाळीपर्यंत तिथं भोक दिसतं. अमोल पत्रा खरवडत नसे. इंजिन चालू, गाणं बंद, कान स्पीकरला. वायरीच्या टोकाचं कडं एकेका बोल्टला लावून बघायचं आणि शिट्टी जिथं विरते तिथं आवळायचं. कंपनीनं बसवलेल्या एखाद्या बोल्टला पत्रा आतून लागलेला असतोच, तो सापडला की झालं. दुकानात मीटर होता, पण मीटर वापरणं त्याला परीक्षेत कॉपी केल्यासारखं वाटे. "मी कानानं बघतो," असं तो सांगायचा आणि ऐकणाऱ्यानं मान डोलवेपर्यंत थांबायचा.

अलीकडे तर त्याचा हात असा बसला होता की पहिल्याच बोल्टला शिट्टी जायची. पूर्वी चार-पाच ठिकाणी फिरावं लागे. आता कडं लावलं की शांत. हे त्यानं बायकोला दोनदा आणि वडलांना एकदा सांगून झालं होतं. वडील, कोंडाजी, म्हणाले होते, "बरं हाय." दुकानात गिऱ्हाईक मात्र घटलं होतं. भूगावला नवं दुकान निघालं होतं, काचेचं, आत थंड हवा. लोक काचेला भुलतात, असं अमोलचं मत होतं.

तो डिकीतून बाहेर आला आणि कपड्यांवरची धूळ झटकू लागला.

"म्याडम, गेल्या टायमाला मी वायरी अलग केल्या. करंटची या बाजूनं, गाण्याची त्या बाजूनं. त्याच्या आधी अँप बदलून दिला. आता ऱ्हायलं काय? तुमी कंपनीत दिवसभर कानात ते घालून बसता. कानातच वाजत आसंल."

"कानात वाजत असतं तर घरीही वाजलं असतं. फक्त गाडीतच कसं वाजेल? आणि पाय दाबल्यावरच?"

अमोलनं डोकं खाजवलं. बाई भांडखोर नव्हती, खोटं बोलत नव्हती, दर खेपेला चहाला थांबत होती. आणि तिला ऐकू येत होतं ते त्याला येत नव्हतं. चष्मेवाल्याला न दिसलेला डाग चष्मा न लावणाऱ्यानं दाखवावा तसं नव्हे हे. हा तर त्याचा धंदा होता.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" तो म्हणाला. "चला, माज्या गाडीत बसा. तुमास्नी कळंल स्वच्छ कशाला म्हंत्यात. गिऱ्हाइकाला मी ह्योच नमुना दावतो."

त्याची गाडी जांभळीखाली उभी होती. त्यानं ती चालू केली, सिस्टिम लावली, गाणं थांबवलं आणि दार आदबीनं उघडून धरलं. मृण्मयी आत बसली. तिनं एकदा पाय दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग तिनं पाय काढून घेतला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. पाहुण्यांकडे चहात साखरेऐवजी मीठ पडलं की माणूस बसतो, तशी.

"बगितलं?" अमोल म्हणाला.

"छान आहे सिस्टिम."

"आवाज हाय का कुटं?"

ती खाली उतरली. ओढणी नीट केली. "दादा, रागावू नका. यातही आहे. माझ्यापेक्षा जरा जास्तच आहे."

अमोल हसला. मोठ्यानं हसला, पण एकट्यानंच, त्यामुळे ते लवकर संपलं. मग त्याला वाटलं, आता तिसरं माणूस पाहिजे. दुकानावरच्या भाड्याच्या खोल्यांमधली कॉलेजची पोरं या वेळी नसतात. त्यानं दुकानामागच्या घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली.

गौतमी पिठाचे हात घेऊनच आली. "आवं, तव्यावर भाकर हाय."

"ऱ्हाऊ दे. हितं बस, म्याडमच्या गाडीत. बस आन् काय येतंय ते सांग."

"गाणं कुटं लागलंय?"

"गाणं न्हाई. गाणं बंद हाय."

गौतमीनं हात पदराला कसेबसे पुसले आणि पुढच्या सीटवर अवघडून बसली. मृण्मयीनं गाडी चालू केली आणि पाय दाबला.

"ही व्हय? शिट्टी?" गौतमी म्हणाली. मग समजावून सांगावं म्हणून तिनं तोंडानंच करून दाखवलं, ओठ मिटून, नाकातून, बारीक. मृण्मयीचा पाय खाली जाईल तसा तिचा सूर वर चढत गेला, पाय सुटला तसा उतरला. पायाकडे न बघताच तिनं तो बरोबर गाठला होता. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

दोघींनी संगनमत केलंय, असं अमोलला क्षणभर वाटलं. पण त्या एकमेकींना नावानंही ओळखत नव्हत्या. तो मागं गेला, डिकीत वाकला आणि अँपमध्ये जाणारी गाण्याची वायर हळूच उपसली. पुढून हे दिसणं शक्य नव्हतं.

"गेली," गौतमी म्हणाली.

त्यानं वायर परत खोचली.

"आली परत."

त्यानं नुसताच हात हलवला, वायरीला शिवला नाही.

"हायेच की अजून."

त्यानं उपसली. "गेली," दोघी एकदम म्हणाल्या.

अमोलच्या हातात वायर तशीच राहिली. त्याला दोन्ही वेळा तेच ऐकू आलं होतं: इंजिन, ठोकाठोकी, रस्ता. तो घाबरला. डंपर अंगावर येताना माणूस घाबरतो तसा नाही. अंधारात जिन्याची शेवटची पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा. त्यानं कानात करंगळी घालून फिरवली. मळ असेल. पण मळ असता तर डंपरही ऐकू आला नसता, इथं बारीक आवाज तेवढाच गायब होता. वर्षानुवर्षं डिकीत डोकं घालून बास जुळवला, गणपतीत डीजेच्या भिंतीपुढं उभं राहून पोरांना सिस्टिम लावून दिल्या, तेव्हा रात्रभर कान वाजत राहायचे. ते वाजणं थांबलं याचा त्याला आनंद झाला होता.

मग त्याच्या लक्षात आलं, पहिल्याच बोल्टला शिट्टी का जायची ते.

"दादा, काय झालं?" मृण्मयीनं पुढून विचारलं.

"काय न्हाई. गौतमी, उतरू नगंस. बसून ऱ्हा."

"आवं, भाकर—"

"जळू दे."

त्यानं अर्थिंगचा बोल्ट सोडवला. कड्याखाली काळा, रबरासारखा थर होता. पावसाच्या आधी गाडीला खालून जो लेप देतात, तो मारणाऱ्यानं स्टेपनीच्या खळग्यातही फवारला होता. कडं त्याच्यावरच बसलं होतं. ही गोष्ट गेल्या दोन खेपांना नुसत्या डोळ्यांनी दिसली असती, पण डोळ्यांनी बघायची अमोलला सवय नव्हती. त्यानं कडं दुसऱ्या बोल्टला लावलं.

"हाय," गौतमी म्हणाली.

तिसऱ्या.

"हाय. जरा कमी."

सीटच्या खालचा बोल्ट झाला, सीटबेल्टचा झाला. तो कडं लावायचा आणि ती सांगायची, जणू दळण निवडताना खडा हाय का न्हाई असं विचारावं. शेवटी अमोलनं ड्रॉवरमधून पॉलिश पेपर काढला. दुकानात तो होता, हेच नवल. त्यानं खळग्यातला लेप खरवडला, खालचा रंग खरवडला, पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासलं आणि कडं आवळलं. वरून ग्रीस चोपडलं, गंज नको म्हणून. कुठल्याही फिटरनं केलं असतं तसंच.

"गेली!" गौतमी टाळी वाजवून म्हणाली, आणि पिठाचा धुरळा उडाला.

मृण्मयीनं पाय पूर्ण दाबला, सोडला, दाबला. मग डोळे मिटून मान मागं टेकवली. "हे असं पाहिजे होतं. दादा, किती शांत झालं! फरक कळतोय ना तुम्हाला?"

"कळतोय की," अमोल म्हणाला. "लई फरक हाय."

त्यानं सीट बसवून दिलं. मृण्मयीनं गौतमीचे हात हातात घेऊन आभार मानले, ऑफिसात सगळ्यांना तुमच्या दुकानाचं सांगते म्हणाली, आणि गाणं लावून निघून गेली. त्या बासचा धक्का मात्र अमोलला छातीत स्पष्ट जाणवला. वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो रस्त्यावर उभा होता.

गौतमी घराकडे वळली होती.

"थांब जरा," तो म्हणाला. "ह्ये बग, आपल्या गाडीत येतिया का?"

"शिट्टी? येतिया की."

"कवापास्नं?"

"तुमी बसवलंय तवापास्नं."

"आन् बोलली न्हाईस?"

"काय बोलायचं? तुमी डोळं मिटून आयकत व्हता." गौतमी जरा गोंधळली. "मला वाटलं भारीतल्या सिस्टिमला आसंच आसतंय. गिऱ्हाईकबी काय म्हनत न्हवतं."

गिऱ्हाईक काही म्हणत नव्हतं, हे खरं होतं. ती माणसं या गाडीत बसायची, पाय दाबायची, स्टिअरिंगवर हात ठेवून जरा बसून राहायची. मग उतरून म्हणायची, छान आहे, विचार करून सांगतो. सूसचा तो रोहित, लवळ्याच्या कॉलेजातले ते मास्तर, हिंजवडीचं नवं जोडपं. किती सभ्य माणसं होती ती सगळी. आणि तो प्रत्येकाला सांगायचा, मी कानानं बघतो.

त्यानं पॉलिश पेपर उचलला आणि आपल्या गाडीची डिकी उघडली.

"भाकर करपली आसंल," गौतमी म्हणाली.

"करपू दे. हितं पुढं बस. गाडी चालू कर. शिट्टी बंद झाली की सांग."

ती बसली. इंजिन सुरू झालं. अमोल आत वाकला, बोल्ट सोडवला आणि पत्रा घासायला लागला. रंग निघाला, पत्रा उघडा पडला, त्यानं कडं आवळलं. तरी मन भरेना, म्हणून सोडवून आणखी घासलं, आणखी आवळलं. पुढून काही सांगणं आलं नाही. इंजिनाच्या आवाजात तो पुन्हा खरखर घासत राहिला. पत्र्याला भोक पडेल की काय, इतकं घासलं.

दार उघडल्याचं त्याला कळलं नाही. गौतमी मागं आली आणि तिनं त्याच्या मनगटावर पिठाचा हात ठेवला.

"कवाची सांगतिया," ती म्हणाली, "गेली म्हणून."