धुरपदाबाईंची निरोपाची सकाळ

माइक ओठांजवळ ओढून घेताना धुरपदाबाईंचा हात मध्येच अडला. शेजारी बसलेल्या दीपमालाने माइक अलगद पुढे सरकवून दिला. आजचा निरोपाचा कार्यक्रम झाला, की उद्यापासून ही खुर्ची तिची होणार होती.

तरुणपणी पारोळ्यात, शाळेच्या मैदानावर, पदर खोचून बायांना व्यायाम शिकवायला पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्या धुरपदाबाईच. तेव्हा कुंपणापाशी माणसं हसायला जमत. पुढे जळगावच्या रेडिओवरून त्यांचा आवाज रोज सकाळी घराघरांत जाऊ लागला आणि बाया दार लोटून हातपाय हलवू लागल्या. हसणाऱ्यांच्या सुनाही त्यांत होत्या. यंदा मात्र त्यांना लकव्याचा झटका आला आणि रेडिओवर त्यांचे जुने, ध्वनिमुद्रित कार्यक्रम लागू लागले. चालणं सुधारलं, जीभ जड ती जडच राहिली.

"अक्का, थोडंच बोला," कार्यक्रमाची व्यवस्था बघणारा हितेंद्र काचेपलीकडून म्हणाला. "बाकीचं दीपमाला करेल."

लाल दिवा लागला.

"श्वास... घ्या," धुरपदाबाई म्हणाल्या. पुढचा शब्द येईना. एके काळी त्या एका दमात आठ आकडे म्हणत. आज दोनापर्यंत पोचतानाच कपाळावर घाम आला. दीपमाला पुढे झुकली. त्यांनी मानेनेच तिला थांबवलं आणि अडखळत, शब्द शोधत, कसाबसा व्यायाम पुरा केला. मग वर न बघता पदराने तोंड पुसलं.

तेवढ्यात एका श्रोत्या बाईचा फोन आला. हितेंद्रने तो थेट जोडून दिला.

"अक्का, मी ताईबाई. पारोळाथीन." आवाज थकलेला, पण घाईत होता. "माले बी लकवा व्हयना, तवयपासून मी रोज मांगे ऱ्हाई जास. आज बठ्ठं जमनं माले. तुम्हना संगे सरनं."

तिचा सगळा व्यायाम आज आपल्याबरोबरच पुरा झाला, हे ऐकून धुरपदाबाई माइकच्या आणखी जवळ सरकल्या.

"हात... कुठवर गेला?"

"खांदापर्यंत."

त्यांनी काचेकडे पाहिलं. हितेंद्रने निरोपासाठी आणलेला फुलांचा गुच्छ उचलला होता. तो त्याने हळूच खाली ठेवला. दीपमालाने आपली खुर्ची जराशी मागे घेतली.

"ताईबाई," धुरपदाबाई म्हणाल्या, "उद्या... कानापर्यंत नेऊ."