वरचे सूर

किटलीने शिट्टी मारली. बाबा शेगडीपासून दोन हातांवर बसून ईस्टरचं नवं गाणं कागदावर उतरवत होते. त्यांनी मान वर केली नाही. मीच धावत येऊन गॅस बंद केला.

"उकळलं का गं पाणी?" जरा वेळाने त्यांनी विचारलं.

माझे बाबा, लोवेल पेटेंगिल, अमेरिकेतल्या मेन राज्यात, आमच्या गावच्या चर्चमध्ये बेचाळीस वर्षं ऑर्गन वाजवत होते. त्यांच्या तीसेक रचना छापून आल्या. मोठ्या शहरांत त्या कुणी गात नाही, कारण बाबा हाताशी असलेल्या गळ्यांसाठी लिहीत: सहा बायका आणि दोन पुरुष, त्यातला एक गाईंची धार काढून झाली तरच येणारा. त्याची ओळ ते अशी बेतत, की तो नसला तरी गाण्याला भोक पडू नये.

नाताळपासून मात्र ते ऑर्गनच्या सगळ्यात वरच्या, सुईसारख्या सुरांच्या खुंट्या बाहेर ओढून ते सूर सतत चालू ठेवायला लागले. नळ्यांत धूळ बसलीय, ऑर्गन मंद झालाय, असं त्यांचं म्हणणं. सूर लावणाऱ्याला दोनदा बोलावलं. दुसऱ्यांदा निघताना तो मला हळूच म्हणाला, "नळ्या स्वच्छ आहेत, ज्यूडिथ. म्हाताऱ्या कानांतून वरचे सूर आधी जातात."

काल संगीत समितीच्या स्टिकनीबाईंनी मला दुकानात गाठलं. "तूच सांग बाई त्यांना. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या कानातली यंत्रं काढून पर्समध्ये टाकतात गं. तुला नसेल जमत, तर सोमवारी समितीचं पत्र जाईल."

बेचाळीस वर्षांनंतर पत्र.

दुपारी बाबा सरावाला निघाले, तशी मी माझ्या पाच वर्षांच्या लेकीला, नेलला, घेऊन बरोबर गेले. रस्ताभर वाक्य जुळवत होते. बाबांनी नवं गाणं वाजवलं. मध्ये सगळं थांबून एकच कोवळी चाल येते, आणि मग सगळा ऑर्गन उसळतो. संपल्यावर ते "कसं झालं?" म्हणून वळले, तर नेल डोळे मिटून, दोन्ही कान दाबून बसलेली. मी तिचे हात खाली ओढले, पण उशीर झाला होता.

"टोचतं का गं?" बाबांनी विचारलं.

तिने मान डोलावली.

बाबांनी एक खुंटी आत ढकलली, सूर धरला. "आता?"

"टोचतं."

दुसरी. तिसरी. "आता?"

"आता नाही."

"मला तर रजईखालून आल्यासारखा येतोय," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "कधीपासून?"

"नाताळपासून."

"तीन महिने माझ्या कॉफीतल्या साखरेवरून भांडलीस, आणि हे नाही बोललीस."

"जमलं नाही, बाबा. आता सोमवारी समितीचं पत्र येणार आहे."

त्यांनी कागद नीट लावले. "समितीला म्हणावं, पत्राची तसदी नको. स्टिकनीबाईंचं शुद्धलेखन मला सोसत नाही. ईस्टर झाला की मीच ऑर्गनची किल्ली आणून देईन."

त्यांनी ऑर्गनला हवा पुरवणाऱ्या मोटारीचं बटण बंद केलं. नळ्यांतली हवा हळूहळू बसली. आता उठतील म्हणून मी त्यांचा कोट हातात घेतला. पण त्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पट्ट्यांची लाकडी टकटक, पायांखालच्या पट्ट्यांची धपधप, बाकी काही नाही. ती कोवळी चाल आली तिथे त्यांची मान किंचित कलली.

नेल बाकावर उभी राहून माझ्या कानाशी आली.

"आई, आता आजोबांना ऐकू येतंय का?"